शोभाताई, मी अमोलला सांगितलं

शोभाताई,

तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतं, तुम्ही नाही म्हणाला असतात आणि मी गप्प बसले असते. आता विचारायची सोय राहिली नाही. म्हणून जे केलं ते लिहून तुमच्यापुढं ठेवते. नेहमीसारखं मधेच तोडू नका, शेवटपर्यंत ऐका.

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. दवाखान्याच्या औषध खिडकीवर आता मी एकटीच असते. लोक खिडकीत वाकले की आधी तुमच्या खुर्चीकडं बघतात. ज्यांना माहीत नाही ते विचारतात, "बाई सुट्टीवर का?" पहिल्या आठवड्यात मी तीन जणांना "हो" म्हणाले. चौथी एक म्हातारी होती, तिला खोटं सांगवेना. खरं ऐकून ती तिथंच फरशीवर बसली. मला पाणी घेऊन बाहेर यावं लागलं.

नऊ वर्षांपूर्वी मी वैजापूरहून नोकरीला आले, तेव्हा गळ्यातलं ओळखपत्र कोरं करकरीत होतं आणि मला सगळं येतं असं वाटत होतं. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत.

"गाव?"

"वैजापूरच्या अलीकडं."

"शेती?"

"कापूस. थोडा कांदा."

"मंग उभं ऱ्हायची सवय असंल."

एवढीच माझी मुलाखत. तुमच्याविषयी मला हळूहळू कळत गेलं, तेही दुसऱ्यांकडून. खुलताबादच्या पलीकडच्या वस्तीवरचं मेंढरं राखणारं घर. वडील अर्धं वर्ष मेंढरांमागं बाहेर. त्या घरातून शहरात राहून डी. फार्म. झालेल्या तुम्ही पहिल्या. नवरा लवकर गेला, अमोलला एकटीनं वाढवलं. यातलं काहीच तुम्ही कधी मोठेपणानं सांगितलं नाही. मी फार पुस्तकी बोलायला लागले की मात्र म्हणायचात, "ज्योते, जरा मेंढरांत जाऊन ये."

आपलं पहिलं भांडण दुसऱ्याच आठवड्यात झालं. स्तनाच्या एका जातीच्या कॅन्सरला जे महागडं इंजेक्शन लागतं, दर तीन आठवड्यांनी, वर्षभर, त्याच्यासाठी आलेली एक बाई खिडकीत उभी होती. तिला मूळ कंपनीचं झेपणार नव्हतं. तुम्ही तिची फाईल घेऊन वर डॉक्टर मॅडमकडं गेलात आणि चिठ्ठी बदलून आणलीत. दुसऱ्या कंपनीचं, आपल्याकडंच बनणारं, बायोसिमिलर. बाईनं विचारलं, "हे तेच का?" तुम्ही म्हणालात, "तेच."

ती गेल्यावर मी म्हणाले, "ताई, तेच नाही. तसंच. हे औषध जिवंत पेशींत बनतं, त्याची हुबेहूब नक्कल होत नाही. तसंच म्हणायला पाहिजे."

"बरं. मंग तिला कसं सांगू? जिवंत पेशी म्हणू?"

"काहीही म्हणा. पण खरं म्हणा."

तुम्ही दुपारी डबा उघडला आणि दह्याची वाटी माझ्यापुढं सरकवलीत. "हे बघ. मव्ह्या घरचं विरजण शेजारणीनं नेलं. दूध तिचं, घर तिचं. दही जरा येगळं लागंल. पण दहीच लागंल ना? ताक दोघींच्या घरी व्हतं का नाय?"

"घरचं दही कुणी तपासत नाही, ताई. हे मूळ औषधाच्या जोडीला ठेवून पेशंटांवर तपासलेलं असतं. गुण तेवढाच येतो, त्रासही तेवढाच, हे बघितलेलं असतं. ते सांगा."

"सांगते की. पण बाईच्या पोटात भ्या असतं तवा तिला आधी दही कळतं. तपासणी मागून कळती."

हे भांडण नऊ वर्षं चाललं. एकदा एका पेशंटचा भाऊ खोकं घेऊन भांडायला आला, "तुम्ही तेच म्हणाला होतात, मग रंग वेगळा का?" तुम्ही आधी माझ्याकडं बघितलंत, मग त्याला म्हणालात, "तसंच हाय भाऊ. तेच नाय." आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा "तेच".

रझियाआपांची गोष्ट मात्र मी हरले ती. मूळ कंपनीच्या औषधाचे चार डोस झाले, पाचव्याला त्या आल्या नाहीत. माझ्या लक्षातही आलं नसतं. खिडकीवर जो येतो तो आपल्याला दिसतो, न येणारा कुठं दिसतो. तुम्हाला दिसायचा. "खुलताबादची ती शिंप्याची बायको आली नाय," तुम्ही म्हणालात. मी म्हणाले, दुसरीकडं घेत असतील. "दुसरीकडं जायचं असतं तर फाईल मागितली असती."

रविवारी आपण एसटीनं खुलताबादला गेलो. कय्यूमभाईंच्या दुकानात दोन शिलाई मशिनींची जागा होती, मशीन एकच होतं. त्यांनी वर न बघता म्हटलं, "मॅडम, अब बस हो गया. जितना था उतना लगाया."

तुम्ही तिथंच चिंध्यांच्या ढिगाशेजारी बसलात. दुसऱ्या कंपनीचं औषध येतं, खर्च बराच कमी, मॅडमला विचारून चिठ्ठी बदलता येते, सगळं सांगितलंत. त्यांनी कात्री खाली ठेवली. "हलका माल है क्या?"

"हलका होता तो मैं इतवार को यहाँ तक आती क्या, भाई?"

तेवढ्यात पडद्यामागून रझियाआपांचा आवाज आला, "बाई, वो दही वाली बात बोलो ना इनको. वॉर्ड में सब औरतां बोलते थे."

मी तुमच्याकडं बघितलं नाही. तुम्हीही माझ्याकडं बघितलं नाहीत, एवढी मेहरबानी केलीत. पुढच्या मंगळवारी चिठ्ठी बदलली. डोसच्या दिवशी तुम्ही बाटलीवरचं नाव आणि बॅच नंबर फाईलवर लिहिलात, संध्याकाळी फोन केलात, सकाळी परत केलात. थंडी वाजली का, ताप आला का, दम लागतो का. मला वाटायचं औषध बदलणं म्हणजे चिठ्ठीवरचं नाव बदलणं. त्या आठवड्यात कळलं की औषध बदललं की त्या माणसासोबत काही दिवस आपल्यालाही चालावं लागतं. रझियाआपा अजून तपासणीला येतात. तुम्ही गेल्याचं त्यांना मीच सांगितलं.

मग तुमची चिठ्ठी आली.

अमोलच्या लग्नाला महिना झाला होता. तुम्ही दोन दिवस रजेवर होतात, आणि तिसऱ्या दिवशी आतल्या दारानं न येता बाहेरून खिडकीपाशी आलात, रांगेत उभ्या राहून. मला वाटलं चेष्टा करायलात. कागद पुढं केलात. "ज्योते, घरचीच चिठ्ठी हाय."

नाव तुमचं. आजार तोच. तीच जात. आणि गाठ छातीपाशी थांबलेली नव्हती, यकृतापर्यंत गेली होती. मी कागद दोनदा वाचला. मागच्या माणसानं विचारलं, "मॅडम, किती वेळ?" तुम्ही वळून त्याला म्हणालात, "जरा थांबा दादा, नवीन पोरगी हाय." मला तेव्हा सहा वर्षं झाली होती त्या खिडकीवर.

अमोल हट्टाला पेटला. मूळ कंपनीचंच घ्यायचं, प्लॉट विकू, काहीही करू. तुम्ही नाही म्हणालात. तो माझ्याकडं आला, "मॅडम, तुमचं ऐकंल ती. तुम्ही सांगा." आणि ताई, मी सांगायला आले. फ्रीजमधल्या बाटल्या लावत होतात तुम्ही. मी म्हणाले, "ताई, तुम्ही ओरिजिनल घ्या."

तुम्ही फ्रीजचं दार लावलंत. "का?"

"अमोलच्या मनासाठी."

"अमोलचं ऱ्हाऊ दे. तुला काय वाटतं?"

मी फ्रीजच्या दाराकडं बघितलं.

"एवढ्या बायांना आपण हे हातात दिलं. त्यांच्यासाठी चांगलं, अन् मव्ह्यासाठी नाय व्हय? मंग त्यांना काय दिलं आपण?"

तुम्ही रागावला नव्हतात, हे जास्त लागलं. मला औषधाची शंका नव्हती. आजही नाही. फक्त तुमच्या बाबतीत काहीतरी जास्त करावंसं वाटत होतं, आणि जास्त करणं म्हणजे महागाचं आणणं, एवढंच मला सुचलं. जे मी रोज दहा लोकांना समजावून सांगत होते ते माझ्याच डोक्यातून गेलं होतं. हे मी तुम्हाला तेव्हा बोलले नाही. तुम्हाला वाटलं असेल की ज्योतीचा आतून कधी विश्वासच नव्हता. तसं नव्हतं, ताई. मी घाबरले होते.

तिसऱ्या की चौथ्या डोसला तुम्ही मला ते सांगितलंत. डे-केअर वॉर्डात खिडकीकडचा बेड, सलाईन लावलेली, मी जेवणाच्या सुट्टीत वर आले होते. तुम्ही छताकडं बघत म्हणालात, "गाठ मला आधी कळली व्हती."

"आधी म्हणजे?"

"आधी."

"ताई, कधी?"

तुम्ही तोंड भिंतीकडं केलंत. "पोराचं लग्न ठरलं व्हतं. म्हणलं, एवढं व्हऊ दे." मग म्हणालात, "अमोलला कधी सांगू नको. जन्मभर त्याला वाटंल, मव्ह्या लग्नापायी आई गेली. शब्द दे."

मी दिला. खरं तर मला तुमच्यावर ओरडायचं होतं. रोज खिडकीत उभ्या राहणाऱ्या बायांना तुम्ही विचारायचात, "उशीर का केला माय?" आणि स्वतः डबा आणायचात, हसायचात, पत्रिकेचे नमुने दाखवायचात, आणि पदराखाली ते घेऊन फिरत होतात. मी शेजारच्या खुर्चीवर बसले असायचे. मला कसं कळलं नाही? हे मी तुम्हाला विचारलं नाही, कारण सलाईन चालू होती. नंतर विचारू म्हटलं. नंतर विचारलंच नाही.

औषधानं काम केलं. पुढच्या तपासणीत गाठी लहान झाल्या होत्या. तुम्ही डोक्याला रुमाल बांधून खिडकीवर परत आलात आणि मग तुम्हाला दही लागलंच नाही. कुणी चाचरलं की म्हणायचात, "मी बी हेच घेते." बास. त्यावर कुणाचा प्रश्न नसायचा. हर्सूलची संगीता अशीच तयार झाली. चाळिशीची, लवकर सापडलेली, पूर्ण बरी होण्यासारखी. तिचा नवरा प्रत्येक वेळी खिडकीत वाकून आधी तुमची तब्येत विचारायचा, मग औषध घ्यायचा.

अडीच वर्षं मिळाली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, एवढं पसरलेलं असताना अडीच वर्षं, त्यातली दोन कामावर, हे चांगलं आहे. पण ज्यांना पसरलेलं माहीत नव्हतं त्यांनी एवढंच बघितलं की बाई तेच औषध घेत होत्या आणि बाई गेल्या.

दहाव्याला तुमची थोरली बहीण सगळ्यांसमोर बोलली. "सोताच्या जिवालाच स्वस्तातलं घेतलं. म्हणून गेली मही शोभा." तिचं दुःख मला कळत होतं. अमोल खाली बघत म्हणाला, "मी तिचं ऐकायलाच नको होतं, मावशी." मी उठून काही बोलणार होते. पण काय बोलणार? औषधाची बाजू घ्यायची तर तुमचा उशीर सांगावा लागणार. मी खाली बसले. दाराशी संगीता आणि तिचा नवरा बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं.

तिचा बारावा डोस होता. ती आली नाही.

मी दोन दिवस वाट बघितली, मग फोन केला. नवरा म्हणाला, "मॅडम, बाईच गेल्या तेच घेऊन. आता आम्ही काय समजायचं?" डॉक्टर मॅडमनी फोनवर समजावलं, तो हो हो म्हणाला. तरी आले नाहीत. मी हर्सूलला त्यांच्या घरी गेले. संगीतानं चहा केला, माझं सगळं ऐकलं, आणि म्हणाली, "तुम्ही औषध देणाऱ्या. तुम्ही असंच म्हणणार." तुमच्यासारखं मला "मी बी हेच घेते" म्हणता येत नव्हतं.

तिथंच सांगून टाकावं असं मनात आलं. पण मुलाला माहीत नसलेली गोष्ट परक्या घरी बोलणं मला जमेना. परतीच्या रिक्षात मी ठरवलं. तुम्ही गेला होतात आणि ती जिवंत होती, याच्यापलीकडं मला दुसरं कारण सापडलं नाही.

शनिवारी दुपारी तुमच्या घरी गेले. सुनेनं दार उघडलं. अमोलला म्हणाले, जरा गच्चीवर चला. तुमची वाळवणाची बाज तिथं उभी करून ठेवलेली होती. मी फार फिरवून सांगितलं नाही. म्हणाले, "अमोल, औषध कमी पडलं नाही. ताईंना गाठ आधीच कळली होती. तुमच्या लग्नाआधी. तुम्हाला सांगू नका म्हणून त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता."

तो कठड्याशी जाऊन रस्त्याकडं बघायला लागला. मग म्हणाला, "साखरपुड्याला ती दिवसभर उजवा हात उचलत नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, पापड लाटून भरून आलाय."

त्यानं दोन्ही हात कठड्यावर ठेवले.

"म्हणजे औषधाचं ऐकलं म्हणून मी नाय. लग्न केलं म्हणून मी." तो माझ्याकडं वळला. "हे मला कशाला सांगितलं, मॅडम?"

मी संगीताचं सांगितलं. अकरा डोस झालेत, मधेच थांबलीये, हेही. त्यानं ऐकलं की नाही ते कळलं नाही. तो खाली गेला आणि खोलीचं दार लावून घेतलं. तुमची सून माझ्याकडं बघत राहिली. मी चपला घातल्या. ताई, त्या जिन्यावरून उतरताना मला पहिल्यांदा बरं वाटलं की तुम्ही नाही आहात.

चार दिवस त्याचा फोन नाही. मी केला नाही. पाचव्या दिवशी सकाळी खिडकीवर वाकून तो म्हणाला, "कुठं राहतात त्या?" दाढी वाढली होती. मी संगीताच्या नवऱ्याला फोन करून विचारलं, ताईंचा मुलगा भेटायला येऊ म्हणतोय, चालेल का. तो म्हणाला, या.

अमोलनं काही जुळवून आणलेलं नव्हतं. हर्सूलच्या त्या पत्र्याच्या घरात तो खाटेच्या कडेला बसला आणि संगीताला म्हणाला, "ताई, औषधानं आईला दगा दिला नाय. आईनं आम्हाला सांगायला उशीर केला. माझं लग्न होतं म्हणून." संगीताच्या नवऱ्यानं त्याला पाणी दिलं. पिऊन तो म्हणाला, "औषधानं तिला अडीच वर्षं दिली. माझी पोरगी तिनं मांडीवर घेतली. तुमचं तर लवकर सापडलंय. तुम्ही थांबू नका."

संगीतानं रिकामा पेला उचलून आत नेला. दवाखान्याच्या फाटकाशी मला सोडताना अमोल म्हणाला, "आईनं मला सांगायला पाहिजे होतं." मी म्हणाले, "हो." तो म्हणाला, "मी लग्न पुढं ढकललं असतं." मी म्हणाले, "हो. म्हणूनच नसेल सांगितलं." त्यानं गाडी वळवली. त्यानं मला माफ केलंय की नाही, माहीत नाही. तुमच्याबद्दलही माहीत नाही.

मंगळवारी संगीता आली. खंड पडला होता म्हणून मॅडमनी पहिल्यासारखा मोठा डोस लिहिला. मी बाटलीवरचं नाव आणि बॅच नंबर फाईलवर लिहिला आणि औषध स्वतः वर घेऊन गेले. नवरा बाहेर बाकावर बसला. सलाईन सुरू झाल्यावर मी निघणार, तेवढ्यात तिनं माझी ओढणी धरली.

"बाईंनी किती दिवस लपवलं व्हतं?"

"मला नाही सांगितलं."

तिनं दाराकडं बघितलं. "मी पाच महिने लपवलं. यांना वाटतं मला कळलं अन् आम्ही लगेच आलो. आई आजारी व्हती, घरात दुसरं कोण करणार? पाच महिने, मॅडम." तिनं आवाज खाली आणला. "यांना सांगू नका."

ताई, "नाही सांगत" माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. ते मी आत घेतलं. स्टूल ओढून तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "मी नाही सांगणार. तुम्ही सांगा. बाहेरच बसलेत, बोलवू का?"

तिनं सलाईनच्या नळीकडं बघितलं. थेंब पडत होते. मला वाटलं आता ती नाही म्हणणार. मग तिनं होकारार्थी मान डोलावली.

मी बाहेर जाऊन तिच्या नवऱ्याला आत पाठवलं, दार ओढून घेतलं आणि खाली खिडकीवर आले.